कोड न चालवता: हडपसर ते ग्योतोकु

सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम न चालवता, नुसता त्याचा मजकूर तपासून त्यातल्या चुका आणि सुरक्षेची भगदाडे शोधण्याच्या तंत्राला स्टॅटिक अ‍ॅनॅलिसिस म्हणतात. हे वाचन दुसरा एक प्रोग्राम करतो. नेहमीच्या चाचणीत प्रोग्रामला ठरावीक माहिती पुरवून तो काय करतो ते पाहिले जाते. जी माहिती पुरवलीच नाही तिच्याबद्दल चाचणी गप्प असते. वाचणारे टूल मात्र एखाद्या ओळीपर्यंत कोणकोणत्या वाटांनी पोचता येईल याचा हिशेब मांडते. त्यातल्या काही वाटांनी वर्षानुवर्षे कोणीच गेलेले नसते. हल्लेखोराला नेमक्या अशाच वाटा हव्या असतात, म्हणून सुरक्षेच्या कामात या तंत्राला मोल आहे.

सी भाषेलाच याची गरज इतकी का पडावी, याचे उत्तर तिच्या जन्मात आहे. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये ती घडवली ती युनिक्ससारखी यंत्रणा लिहिण्यासाठी, आणि वेगासाठी तिने बरीच जबाबदारी प्रोग्रामरवर सोडून दिली. नाव साठवायला ३२ अक्षरांची जागा राखली आणि बाहेरून १०० अक्षरे आली, तर भाषा हरकत घेत नाही. उरलेली ६८ अक्षरे शेजारच्या स्मृतीवर लिहिली जातात. त्या शेजारात चालू फंक्शन संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ता असू शकतो. तो पत्ता आपल्याला हवा तसा बदलता आला की यंत्राचा ताबा मिळतो. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सुटलेल्या मॉरिस वर्मने आत शिरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांपैकी एक हाच होता. फिंगर नावाच्या सेवेत ५१२ बाइटची जागा होती आणि येणारी ओळ ‘गेट्स’ या फंक्शनने वाचली जात होती. समोर जागा किती आहे हे विचारण्याची सोयच ‘गेट्स’मध्ये नव्हती. ते फंक्शन भाषेच्या प्रमाणग्रंथातून निघायला २०११ साल उजाडावे लागले.

कोड तपासणारे पहिले प्रसिद्ध टूल मॉरिस वर्मच्या दहा वर्षे आधीचे. बेल लॅब्जमधल्याच स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली ‘लिंट’चे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळचा कंपायलर सढळ होता. न वापरलेले चल, न जुळणारे प्रकार, कधीच न पोचता येणाऱ्या ओळी अशा गोष्टींकडे तो काणाडोळा करी. लिंट त्या दाखवून देई. सुरक्षेसाठी म्हणून लिहिलेली टूल २००० सालाच्या आसपास आली, आणि त्यांतली पहिली काही तर निव्वळ शब्द शोधणारी होती: धोकादायक फंक्शनचे नाव दिसले की वॉर्निंग. अशा शोधाला अर्थाचे भान नसते. जिथे आधीच लांबी मोजून घेतली आहे तिथेही ते ओरडते, आणि प्रोग्रामरने स्वतःचे लूप लिहून तीच चूक केली असेल तर त्याला दिसत नाही.

खरे विश्लेषण माहितीच्या प्रवाहाचे असते. नेटवर्कवरून, फाइलमधून किंवा कळफलकावरून आलेली किंमत टूल ‘दूषित’ मानते. ती किंमत ज्या चलात जाईल ते चलही दूषित, त्यावर गणित केले तर उत्तरही दूषित. वाटेत कुठे मर्यादेची तपासणी झाली तर डाग पुसला जातो. तपासणी न होता ती किंमत अ‍ॅरेचा क्रमांक म्हणून, कॉपी करायच्या लांबीसाठी किंवा स्मृती मागण्यासाठी वापरली गेली की वॉर्निंग निघते. इथे तपासणी झाली आहे एवढे पाहून भागत नाही, ती पुरेशी आहे का तेही पाहावे लागते. समजा एका नोंदीला ६५,५३६ बाइट लागतात आणि बाहेरून आलेली संख्याही ६५,५३६ आहे. ३२ बिटांच्या बिनचिन्ह अंकगणितात त्यांचा गुणाकार शून्य येतो. प्रोग्राम शून्य बाइटची जागा मागतो आणि पुढच्या लूपमध्ये हजारो नोंदी तिच्यात भरत सुटतो. तपासणी गुणाकारानंतर केली असेल तर ती आनंदाने पास होते.

दुसरी मोठी जात स्मृती परत करण्याच्या चुकांची. ‘मॅलॉक’ने घेतलेली जागा ‘फ्री’ने परत करायची, एकदाच करायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही, हे तिन्ही नियम पाळणे प्रोग्रामरकडे. सरळ वाटेवर ते सहसा पाळले जातात. गडबड होते ती काही बिघडल्यावर घ्यायच्या वाटेवर: फाइल उघडली नाही, जोडणी तुटली, अर्ध्यातून परतायचे आहे. तिथे एक फंक्शन जागा परत करते आणि त्याला बोलावणारेही पुन्हा करते. दोन्ही फंक्शने एकेकटी वाचली तर निर्दोष दिसतात. त्यामुळे टूलला फंक्शनच्या सीमा ओलांडाव्या लागतात.

स्टॅनफर्डच्या डॉसन एंग्लर यांच्या गटाने २००१ साली या विषयातली बहुधा सर्वांत चतुर कल्पना मांडली. टूलला प्रत्येक प्रोग्रामचे नियम आधी शिकवत बसायचे कशाला? प्रोग्रामर काय मानून चालला आहे ते कोडच सांगतो. पॉइंटरचा वापर केला म्हणजे लिहिणारा तो पॉइंटर रिकामा नाही असे मानतो. पुढच्याच ओळीत ‘पॉइंटर रिकामा आहे का’ असे विचारले, म्हणजे तो रिकामा असू शकतो असेही मानतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. यातले खरे कोणते हे टूलला ठाऊक असण्याची गरज नाही. विसंगती सापडली म्हणजे कुठेतरी चूक आहे. कोर्टात साक्षीदाराच्या दोन जबाबांतली तफावत पकडणाऱ्या वकिलाला घटनास्थळी हजर असावे लागत नाही, तसेच हे. याच गटातून पुढे कव्हेरिटी ही कंपनी निघाली.

ही विसंगती केवळ अस्वच्छ कोडची खूण नसते, हे २००९ मध्ये लिनक्सने दाखवले. आवृत्ती २.६.३० मधल्या ‘टन’ या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नेमका हाच क्रम होता: आधी पॉइंटरमधून किंमत घेतली, मग पॉइंटर रिकामा आहे का हे तपासले. जीसीसी कंपायलरने तर्क केला की वापर आधी झाला आहे, म्हणजे पॉइंटर रिकामा असूच शकत नाही, तेव्हा तपासणी निरर्थक आहे. त्याने ती काढून टाकली. भाषेच्या नियमांप्रमाणे त्याचे चुकले नव्हते, कारण रिकाम्या पॉइंटरचा वापर झाल्यावर काय व्हावे याबद्दल सीचा प्रमाणग्रंथ काहीच बांधून देत नाही. मजकुरात दिसणारी तपासणी यंत्रापर्यंत पोचलीच नाही, आणि ब्रॅड स्पेंगलर यांनी त्या फटीतून कर्नलचा ताबा घेऊन दाखवला. अशा तपासण्या कंपायलरने उडवू नयेत यासाठीचा पर्याय लिनक्सच्या बांधणीत त्यानंतर घालण्यात आला.

सर्व चुका सापडतील आणि एकही खोटी वॉर्निंग निघणार नाही असे टूल बनवता येत नाही. हा आळस नाही, गणित आहे. हेन्री राइस यांनी १९५३ साली सिद्ध केले की प्रोग्रामच्या वर्तनाविषयीचा कोणताही खराखुरा प्रश्न सर्व प्रोग्रामांसाठी यंत्राने अचूक सोडवणे अशक्य आहे. म्हणून प्रत्येक टूल कुठेतरी तडजोड करते. एक पंथ म्हणतो, काहीही सुटता कामा नये, खोट्या वॉर्निंग आल्या तरी चालतील. दुसरा म्हणतो, जे दाखवू ते बहुतेक खरे असावे, काही निसटले तर निसटले.

पहिल्या पंथाचा पाया फ्रान्समध्ये पॅट्रिक आणि राधिया कुझो या दांपत्याने १९७७ साली घातला. चलाची प्रत्येक शक्य किंमत तपासण्याऐवजी किमतींचा पट्टा धरायचा: हा क्रमांक शून्य ते ३१ च्या दरम्यान आहे, या लूपनंतर शून्य ते ३२. अ‍ॅरे ३२ घरांचा असेल तर शेवटचे घर ३१वे, आणि ३२ ही किंमत पट्ट्यात आली म्हणजे धोका शक्य आहे. पट्टा नेहमी खऱ्यापेक्षा मोठाच धरल्यामुळे चूक सुटत नाही. पण तो फार मोठा धरला गेला तर नसलेली चूक दिसते. याच विचारावर उभ्या असलेल्या ‘आस्त्रे’ या टूलने २००३ साली एअरबस ए-३४०च्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीतल्या सीच्या १ लाख ३२ हजार ओळींत चालताना उद्भवणारी एकही चूक नसल्याचे सिद्ध केले. पण विमानाचा तो कोड शिस्तीचा होता: स्मृती मध्येच मागायची नाही, फंक्शनने स्वतःला बोलवायचे नाही. ब्राउझर किंवा मेल सर्व्हर असा लिहिलेला नसतो.

मराठी मुलखात या विषयावरचे काम जुने आहे. पुण्यात हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर, म्हणजे टीआरडीडीसी, १९८१ साली सुरू झाले. त्यामागे टीसीएसचे फकीरचंद कोहली होते. तिथल्या प्रोग्राम-विश्लेषणाच्या कामातून ‘एम्बेडेड कोड अ‍ॅनॅलायझर’ तयार झाला. शून्याने भागाकार, अ‍ॅरेच्या हद्दीबाहेरचा प्रवेश, अंकगणितातला ओव्हरफ्लो अशा चुका तो यंत्रांत बसवायच्या सी कोडमध्ये शोधतो. त्याच गटाच्या ‘व्हेरिअ‍ॅब्स’ने सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, एखादी चुकीची अवस्था गाठता येते का हे ठरवण्याच्या विभागात, २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षी पहिला क्रमांक मिळवला. त्याचे वैशिष्ट्य एका हुकमी तंत्रात नाही. समोरच्या प्रोग्राममधले लूप कसे आहेत हे पाहून तो कोणते तंत्र लावायचे ते निवडतो.

मुंबईत पवईच्या आयआयटीत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचे डेटा-फ्लो अ‍ॅनॅलिसिसवरचे पाठ्यपुस्तक २००९ मध्ये आले. खेडकर यांच्या संशोधनातला एक धागा सीच्या सर्वांत अवघड प्रश्नाला भिडतो. पॉइंटर कुठे बोट दाखवतो हे न कळता दूषित किंमत कुठे गेली हे सांगताच येत नाही. आणि मोठ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक पॉइंटरच्या प्रत्येक शक्यतेची नोंद ठेवायची तर टूलच स्मृतीखाली दबते. खेडकर, अ‍ॅलन मायक्रॉफ्ट आणि प्रशांत सिंह रावत यांनी २०१२ मध्ये सुचवले की जो पॉइंटर पुढे वापरलाच जाणार नाही त्याची माहिती काढायचीच नाही. ऐकायला हे साधे आहे. पण तोवर अचूकता की आवाका, यांपैकी एकच निवडावे लागते असे धरून बहुतेक काम चालत असे, आणि अशा काटकसरीने दोन्ही थोडे थोडे हाती येते हे त्यातून दिसले.

टूल बनवणारे पुण्यात आणि त्याने काढलेल्या वॉर्निंगवर खल करणारे जपानमध्ये, अशी या कामाची भौगोलिक वाटणी काही अंशी दिसते. टोक्योच्या पूर्वेला, जुनी एदो नदी ओलांडली की चिबा प्रांतातल्या इचिकावा शहराचा दक्षिण भाग लागतो. तोच ग्योतोकु. एदो काळात इथे मिठागरे होती. १९६९ मध्ये तोझाई लाइन आली आणि भात, मीठ, समुद्रशेवाळ यांच्या जागी नोकरदारांच्या इमारती उभ्या राहिल्या. हीच लाइन निहोनबाशी आणि ओतेमाचीच्या कार्यालयांपर्यंत गाडी न बदलता नेते, म्हणून वाय-टू-के प्रश्नाच्या सुमारास आलेले भारतीय प्रोग्रामर नदीपलीकडच्या निशी-कासाईत स्थिरावले आणि वस्ती पुढे याच मार्गाने ग्योतोकुकडे सरकली. २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे याच पट्ट्यातले मराठी नाव. पुण्यात जपानी शिकवण्याची जुनी परंपरा असल्याने तांत्रिक जपानी वाचू शकणारा पुणेकर इंजिनिअर इथे दुर्मीळ नाही. आणि टीसीएस असो वा १९९०मध्ये पुण्यात सुरू झालेली वाहन-सॉफ्टवेअरची केपीआयटी, दोघींचाही जपानी ग्राहकांशी मोठा व्यवहार आहे.

जपानी वाहन आणि यंत्र उद्योगात सी कोड तपासण्याची शिस्त पक्की आहे, आणि ती प्रामुख्याने नियमावलीच्या रूपात आहे. ब्रिटनच्या मोटार उद्योगातून १९९८ मध्ये निघालेली ‘मिस्रा-सी’ इथे मुळाक्षरांसारखी मानली जाते. तिच्या २०१२च्या आवृत्तीत १४३ नियम आणि १६ निर्देश होते. प्रत्येक नियमापुढे तो यंत्राने नक्की तपासता येतो की नाही हेही छापलेले असते. राइसचे प्रमेय कारखान्याच्या भिंतीवर टांगावे तसे. २०१६ मध्ये सुरक्षेसाठी म्हणून तिच्यात १४ मार्गदर्शक तत्त्वांची भर पडली. जपानच्या आयपीए या सरकारी संस्थेने एम्बेडेड सीसाठी स्वतःची लेखनसंहिता काढली. जेपीसर्ट या संस्थेने अमेरिकेतल्या ‘सर्ट-सी’ नियमांचे जपानी रूप उपलब्ध केले, आणि या दोन्ही संस्था मिळून २००४पासून जेव्हीएन ही सुरक्षा-दोषांची राष्ट्रीय नोंदवही चालवतात. वाहनांच्या सायबर सुरक्षेचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५५ जपानने स्वीकारला; दुरून अद्ययावत होऊ शकणाऱ्या नव्या मॉडेलांना तो जुलै २०२२ पासून लागू झाला.

नियमावली आली की ‘विचलन’ही येते. नियम मोडला आहे, तो का मोडला, त्यातून धोका का नाही आणि कोणाच्या सहीने हे मान्य झाले, याची लेखी नोंद म्हणजे विचलन. एका बाजूला ही उत्तम सोय आहे, कारण हार्डवेअरच्या ठरावीक पत्त्यावर लिहिणाऱ्या कोडला काही नियम मोडावेच लागतात. दुसऱ्या बाजूला, हजारो वॉर्निंग आल्यावर नोंदी भरणे हेच काम होऊन बसते. कारणाच्या रकान्यात तेच वाक्य खाली खाली उतरत जाते. सुरक्षेच्या दृष्टीने मिस्राचा भंग आणि घुसखोरीची वाट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कंसाचा अभाव हा भंग आहे आणि त्याने सहसा कुणाचे काही बिघडत नाही. नेटवर्कवरून आलेली लांबी न तपासता वापरणे हे एकच पुरते. यादीत दोघांना एकेक ओळच मिळते.

अशा यादीवरून निष्कर्ष काढणे किती अवघड असते याचा सर्वांत जाहीर दाखला टोयोटाच्या प्रकरणात मिळतो. गाड्या आपोआप वेग घेतात या तक्रारींवरून अमेरिकेच्या वाहतूक खात्याने नासाकडे चौकशी सोपवली. नासाच्या तज्ज्ञांनी थ्रॉटल-नियंत्रणाच्या २ लाख ८० हजारांहून अधिक ओळींवर कव्हेरिटी, कोडसोनार आणि युनो ही टूल चालवली. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात वॉर्निंग भरपूर होत्या, पण अशा वेगवाढीचे इलेक्ट्रॉनिक कारण सापडले नसल्याचे सांगितले होते. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या न्यायालयात मायकेल बार यांनी तक्रारदारांच्या बाजूने साक्ष देताना तोच कोड सदोष ठरवला. ज्युरीने कंपनीविरुद्ध कौल दिला, नंतर तडजोड झाली. हे सुरक्षितपणाचे प्रकरण होते, घुसखोरीचे नव्हे. पण एकाच मजकुराच्या वाचनातून दोन तज्ज्ञ पक्ष किती दूर जाऊ शकतात हे त्यात स्पष्ट दिसले. टूलने काढलेली यादी हा निष्कर्ष नसतो.

कधी यादीत हवे तेच नसते. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीतला दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून तिथे होता. पलीकडचा संगणक ‘मी इतके बाइट पाठवले’ असे सांगे आणि ओपनएसएसएल न मोजता तितके परत पाठवी. दरवेळी ६४ किलोबाइटपर्यंत, त्यात गुप्त किल्ल्यासुद्धा. प्रचलित टूलना तो दिसला नव्हता. कोडची मांडणी इतकी आडवळणाची होती की ती लांबी बाहेरून आली आहे हेच त्यांना उमगत नव्हते. कव्हेरिटीच्या लोकांनी नंतर एक युक्ती काढली. नेटवर्कवरचे आकडे बहुतेक यंत्रांवर बाइटची उलटापालट करून वाचावे लागतात. तेव्हा कोडमध्ये अशी उलटापालट दिसली की ती किंमत बाहेरची समजायची. युक्ती चालली, पण दोष सापडल्यानंतर.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एक ‘गोटू’ची ओळ दोनदा आलेली आढळली. दुसरीमुळे सहीची पडताळणीच ओलांडली जात होती. खालचा कोड कधीच चालत नाही हे सांगणारी तपासणी अस्तित्वात होती. कंपायलरच्या नेहमीच्या वॉर्निंगांमध्ये मात्र ती धरलेली नव्हती. ओळ अटीच्या आत असल्याचा भास करणाऱ्या फसव्या समासाची वॉर्निंग जीसीसीच्या नेहमीच्या संचात २०१६ साली आली.

आणि वॉर्निंग मिटवण्याच्या घाईने झालेले नुकसान डेबियन या लिनक्स-वितरणाने भोगले. व्हॅलग्राइंड आणि प्युरिफाय ही स्टॅटिक टूल नव्हेत, ती चालत्या प्रोग्रामवर नजर ठेवतात. पण धडा तोच. त्यांनी ओपनएसएसएलमध्ये ‘किंमत न भरलेली स्मृती वाचली जाते’ अशी तक्रार केली, आणि २००६ मध्ये डेबियनच्या आवृत्तीतून संबंधित ओळी काढल्या गेल्या. त्या ओळींतूनच किल्ल्या बनवण्यासाठीचा यादृच्छिकपणा मिसळला जात होता. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. २००८ मध्ये हे लक्षात येईपर्यंत असंख्य यंत्रांवर अंदाजाने ओळखता येतील अशा किल्ल्या बसल्या होत्या.

म्हणून वॉर्निंग वाचण्याचे काम अनुभवी माणसाकडे असावे लागते, आणि उद्योगात ते बहुधा नवख्याकडे येते. वाचणाऱ्याला तीन गोष्टी ठरवायच्या असतात: टूलने दाखवलेली वाट खरोखर चालता येते का, त्या वाटेवरची किंमत परक्याच्या हातात आहे का, आणि दुरुस्तीने दुसरे काही मोडेल का. पहिल्या प्रश्नासाठी कोड वाचावा लागतो. दुसऱ्यासाठी यंत्र जगात कुठे बसते हे माहीत असावे लागते. गाडीच्या आतल्या कॅन बसवरून येणारा संदेश पूर्वी घरचा मानला जाई; गाडीला मोबाइलची जोडणी आल्यावर तो परका झाला, आणि कोडची एकही ओळ न बदलता जुन्या ‘धोका नाही’ शेऱ्यांपैकी कित्येक खोटे ठरले. हे शेरे पुन्हा उघडून पाहण्याची पद्धत मात्र फार थोड्या ठिकाणी आहे.

जुन्या कोडवर नवे टूल लावताना एक व्यावहारिक पळवाटही सर्रास घेतली जाते. पहिल्या दिवशी निघालेल्या सगळ्या वॉर्निंग ‘पाया’ म्हणून गोठवायच्या आणि यापुढे फक्त नव्या दाखवायच्या. त्याशिवाय काम सुरूच होत नाही हे खरे. पण गोठवलेल्या ढिगात काय आहे ते पाहायला पुढे क्वचितच कोणी जाते. नव्या कोडसाठी भाषाच बदलणे हा दुसरा मार्ग आहे: लिनक्स कर्नलने डिसेंबर २०२२ मध्ये रस्ट भाषेला प्रवेश दिला आणि नव्या कोडमध्ये स्मृतीच्या बऱ्याचशा चुका लिहिताच येणार नाहीत अशी सोय झाली. रस्त्यावरच्या गाड्यांमधला सी मात्र गाडीच्या आयुष्याइतका टिकतो.

शेवटची मर्यादा सरळ आहे. हे तंत्र मजकूर वाचते, आणि पुरवठादारांच्या साखळीत मजकूर नेहमी मिळत नाही. नियंत्रक बनवणारी कंपनी संपर्काची लायब्ररी दुसऱ्याकडून घेते, आणि ती अनेकदा केवळ कंपायल केलेल्या रूपात येते. तिच्या आत काय होते हे टूलला दिसत नाही, म्हणून ते एकतर तिला निर्दोष धरते, नाहीतर तिच्यातून आलेले सगळेच दूषित मानते. पहिल्याने दोष लपतात, दुसऱ्याने यादी फुगते. मग प्रत्येक फंक्शन काय घेते आणि काय परत देते याचे छोटे वर्णन हाताने लिहून टूलला द्यावे लागते, आणि विश्लेषण त्या वर्णनाइतकेच खरे राहते.